करार पाळतो कोण? साताऱ्याच्या तहापासून हेगच्या निकालापर्यंत



सरकारांनाही बांधून घेणाऱ्या कायद्याचा विषय निघाला, की आपल्याकडील व्यवहारी माणूस हटकून एक प्रश्न विचारतो. सावकाराने दावा जिंकला आणि कुळाने हुकूमनामा जुमानला नाही, तर बेलीफ दारात उभा राहतो आणि भांडीकुंडी बाहेर येतात. पण एखाद्या सरकारने आपण होऊन केलेला तह मोडला, किंवा हेग येथील आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा निकाल बासनात बांधून ठेवला, तर त्याच्या दारी कोणता बेलीफ जाणार? हा प्रश्न आम्हांस मुळीच अडाणीपणाचा वाटत नाही. मात्र त्याचे जे उत्तर लोक गृहीत धरून चालतात, की बेलीफ नाही म्हणून कायदाही नाही, बळी तो कान पिळी, ते इतिहासाला धरून नाही. पुष्कळ सरकारे पुष्कळ वेळा असले कायदे पाळतात. काही वेळा उघड उघड मोडतात. आणि कित्येकदा अक्षर पाळून अर्थ मोडतात. असे का घडते हे पाहण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. पहिले उदाहरण याच गावचे आहे.

१८१८ साली पेशवाई बुडाली आणि २५ सप्टेंबर १८१९ रोजी छत्रपती प्रतापसिंह महाराज व ईस्ट इंडिया कंपनी यांच्यामध्ये तह झाला. नीरा आणि वारणा या नद्यांमधला, सह्याद्रीपासून पूर्वेस पंढरपूर-विजापूरच्या बाजूपर्यंतचा मुलूख महाराज, त्यांचे वारस व उत्तराधिकारी यांजकडे कायमचा राहावा, असे त्यात लिहिले होते. त्याच्या मोबदल्यात महाराजांवर बंधने आली. त्यांपैकी पाचवे कलम सर्वांत जाचक: रेसिडेंटाच्या मार्फतीखेरीज बाहेरच्या कोणाही सत्तेशी पत्रव्यवहार करू नये. तहाला दोन पक्ष होते, कलमे होती, शिक्के-मोर्तब होते. एकच गोष्ट नव्हती. कलमाच्या अर्थाविषयी वाद पडला तर तो तोडणारा दोघांच्या वर कोणी नव्हता.

वाद पडलाच. जहागीरदारांवर हुकमत कोणाची, येथून तो सुरू झाला. १८३५ साली कंपनीच्या लंडनमधील संचालकांनी महाराजांच्या कारभाराची वाखाणणी करून त्यांच्यासाठी पत्र व तलवार मंजूर केली. ती महाराजांच्या हाती कधी पडलीच नाही. उलट पुढल्याच वर्षापासून मुंबई सरकारने आरोपांची मालिका उभी केली. हिंदी शिपायांना फितविले, नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशी संधान बांधले, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी गुप्त पत्रव्यवहार केला. सारांश, तहाचे पाचवे कलम मोडले. महाराज म्हणाले, उघड चौकशी करा. ती झाली नाही. फिर्यादी कंपनी, साक्षी गोळा करणारी कंपनी आणि निवाडा देणारीही कंपनीच. ऑगस्ट १८३९ मध्ये गव्हर्नर जेम्स कारनॅक स्वतः साताऱ्यास आला आणि आरोप कबूल असल्याची सही दिली तर गादी राहील, असे त्याने सांगितले. सही मिळाली नाही. ५ सप्टेंबर १८३९ रोजी महाराजांना पदच्युत करण्यात आले. पुढे त्यांची रवानगी काशीस झाली आणि १८४७ मध्ये ते तेथेच वारले. गादीवर बसविलेले त्यांचे धाकटे बंधू शहाजी १८४८ च्या एप्रिलमध्ये वारले. त्यांनी मृत्यूपूर्वी घेतलेला दत्तक डलहौसीने नामंजूर केला, आणि 'कायमचा' हा शब्द असलेला मुलूख तहाला तीस वर्षे होण्यापूर्वी खालसा झाला.

येथवरची हकीकत साताऱ्यात शाळेतल्या मुलालाही ठाऊक आहे. आम्हांस लक्ष वेधावयाचे आहे ते एका निराळ्या बाजूकडे. तह मोडला जात असताना तो पाळावा असे म्हणणारी माणसे इंग्रजांतही होती. दत्तकाचा प्रश्न निघाला तेव्हा मुंबईचे गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी खालसाला विरोध केला. त्यांच्यामागून आलेले लॉर्ड फॉकलंड डलहौसीच्या बाजूचे निघाले. आणि महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनी नेमके हेच हेरले होते. वरिष्ठ न्यायासन नाही, तर प्रतिपक्षाच्याच घरात जाऊन तेथल्या माणसांपुढे गाऱ्हाणे मांडावयाचे. ते लंडनला गेले आणि १८५३ पर्यंत तेथे राहिले. कंपनीच्या भागीदारांच्या सभा, पार्लमेंटाचे सभासद, छापील पत्रके, काही म्हणून त्यांनी बाकी ठेवले नाही. जोसेफ ह्यूम, जॉर्ज थॉम्सन यांसारखे लोक त्यांच्या बाजूने बोलले. मते मात्र पडली नाहीत. रंगो बापूजी रिकाम्या हाताने परतले. ८ सप्टेंबर १८५७ रोजी साताऱ्यास गेंडामाळावर ज्या सतरा जणांना देहान्त शिक्षा झाली त्यांत त्यांचा मुलगा सीताराम होता; ते स्वतः कोणाच्या हाती लागले नाहीत.

रंगो बापूजींनी चुकीचे दार ठोठावले, असे कित्येक म्हणतात. आम्हांस तसे वाटत नाही. दार बरोबर होते. आत उठून कडी काढणारी माणसे पुरेशी नव्हती.

गोव्याशी पत्रव्यवहार केल्याचा ठपका ठेवून सातारची गादी घालविली गेली, आणि एकशेसोळा वर्षांनी त्याच गोव्याच्या मालकांनी मराठ्यांशी झालेला एक तह बगलेत मारून जगाच्या न्यायासनापुढे फिर्याद गुदरली, हा इतिहासातला एक चमत्कारिक योग आहे. प्रकरण दादरा व नगर हवेलीचे. दमण समुद्रकाठी, आणि ही दोन पुंजकी आत, चहूकडून आपल्या मुलखाने वेढलेली. ती पोर्तुगीजांकडे गेली कशी? १७७९ सालच्या तहात पेशव्यांच्या दरबाराने पोर्तुगीजांच्या मैत्रीखातर दमणच्या बाजूस सालिना बारा हजार रुपये वसुलाची गावे लावून देण्याचे मान्य केले, आणि १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती नेमून दिली. तेव्हा गादीवर सवाई माधवराव बाल वयाचे होते आणि कारभार नाना फडणिसांचा होता.

१९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये गोमंतकीय व महाराष्ट्रीय स्वयंसेवकांनी ही ठाणी मुक्त केली. दादरा २२ जुलैला, सिल्वासा २ ऑगस्टला. त्या तुकड्यांत गायक सुधीर फडके होते, बाबासाहेब पुरंदरे होते. दमणहून कुमक पाठविण्यासाठी पोर्तुगालने वाट मागितली. भारत सरकारने ती दिली नाही. पुढल्या वर्षी १४ डिसेंबरला पोर्तुगाल संयुक्त राष्ट्रांत आला, १९ ला त्याने न्यायालयाचा अधिकार मान्य असल्याचे पत्र दिले, आणि २२ डिसेंबर १९५५ ला भारतावर दावा लावला. आठ दिवसांत सभासद, संमतीदार आणि फिर्यादी! लिस्बनच्या वकिलांची चपळाई मान्य केली पाहिजे.

येथे हेगच्या न्यायालयाची एक खुबी सांगितली पाहिजे, कारण पुढचे सारे तिच्यावर अवलंबून आहे. या न्यायालयापुढे कोणाही सरकारला बळाने ओढता येत नाही. त्याने आधी संमती द्यावी लागते. हे ऐकून कोणी हसेल. पण आपल्या मराठशाहीतली गोतसभा अशीच चालत असे. वतनाचा वाद गोतापुढे आला, की वादी-प्रतिवादी दोघांकडून प्रथम 'राजीनामा' लिहून घेत. म्हणजे आज आपण नोकरी सोडताना देतो तो नव्हे, तर 'गोत सांगेल ते आम्हांस राजीखुशीने मान्य' असा कागद. वर जामीन घेत. गोताजवळ फौज नव्हती. हा कागद, जामीन आणि गावात तोंड दाखविण्याची लाज यांवर निवाडे चालत. जगाच्या न्यायालयाजवळही यापेक्षा फारसे काही अधिक नाही.

भारताने असा राजीनामा पूर्वीच, ब्रिटिश अमदानीत १९४० मध्ये, दिलेला होता. दावा लागल्यावर सोळा दिवसांनी, ७ जानेवारी १९५६ रोजी, आपल्या सरकारने तो मागे घेऊन नवा, अधिक सावध अटींचा कागद दाखल केला. हे आम्ही झाकून ठेवीत नाही. सरकारे कायद्याला कशी भितात याचा हा नमुनाच आहे. ज्याला कायदा म्हणजे निव्वळ शाई वाटते, तो अटी बदलण्याची तसदी घेत नाही. आधी दाखल झालेल्या दाव्याला मात्र नवा कागद लागू पडणारा नव्हता, आणि महत्त्वाची गोष्ट अशी की भारत दाव्यातून उठून गेला नाही. ॲटर्नी जनरल मोतीलाल सेटलवाड यांनी बाजू मांडली. भारतातर्फे या दाव्यापुरते न्यायाधीश म्हणून मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती महमदअली करीम छागला बसले. चार वर्षांवर खटला चालला.

निकाल १२ एप्रिल १९६० ला लागला, आणि तो मराठी माणसाने मुद्दाम वाचावा असा आहे. पेशव्यांनी दिले ते राज्य की वसूल? न्यायालयाने निर्वाळा दिला की १७७९ चा तह खरा व बंधनकारक, पण त्याने दिला तो सरंजामासारखा वसुलाचा हक्क. मुलखाचे स्वामित्व मराठ्यांनी सोडलेले नव्हते. अशा देणगीतून स्वामित्व गेल्याचे एकही उदाहरण पोर्तुगालला दाखविता आले नाही. सरंजाम आणि राज्य यांतला भेद, जो पुण्याच्या दप्तरातल्या कोणाही कारकुनाने तोंडपाठ सांगितला असता, तो हेगमध्ये तेरा न्यायाधीश आणि दोन्ही पक्षांचे एकेक न्यायाधीश यांच्यापुढे सिद्ध करावा लागला! तथापि, पुढे इंग्रजांनी पोर्तुगीजांचे स्वामित्व वहिवाटीने मान्य केले आणि स्वतंत्र भारतानेही त्यास हरकत घेतली नव्हती, असेही न्यायालय म्हणाले. सबब सव्वाशे वर्षांच्या वहिवाटीमुळे खासगी माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट देण्याचा पोर्तुगालचा हक्क अकरा विरुद्ध चार मतांनी शाबीत झाला. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना तो नव्हता, कारण १८७८ च्या इंग्रज-पोर्तुगीज करारापासून हत्यारबंद माणूस परवानगीवाचून हद्द ओलांडीत नसे. हे आठ विरुद्ध सात मतांनी. आणि १९५४ च्या तंग परिस्थितीत वाट बंद करण्यात भारताने कर्तव्यभंग केला नाही, हे नऊ विरुद्ध सहा मतांनी.

असा निकाल पाळणे भारताला जड गेले नाही, हे उघड आहे. काही देणे नव्हते, काही सोडणे नव्हते. म्हणून 'भारताने निकाल पाळला' अशी शेखी मिरविण्यात अर्थ नाही. परंतु एक गोष्ट सहसा कोणी मोजीत नाही. १९५४ पासून हा मुलूख हातात असतानाही तो दिल्लीने सात वर्षे आपल्या नकाशात घातला नाही. वरिष्ठ पंचायतीच्या नावाने तेथला कारभार वेगळा चालू राहिला. विलीनीकरण झाले ते ११ ऑगस्ट १९६१ ला, घटनेच्या दहाव्या दुरुस्तीने, म्हणजे निकालानंतर. त्या विलीनीकरणाच्या करारावर सही करण्यासाठी के. जी. बदलानी या सनदी अधिकाऱ्याला एक दिवसापुरते मुक्त दादरा-नगर हवेलीचे पंतप्रधान नेमण्यात आले. गंमत वाटते, पण सरकारला कायद्याची चाड असते ती अशा कागदी सोपस्कारांतच दिसते.

ती चाड सदैव टिकते असेही नाही. त्याच वर्षीच्या डिसेंबरात भारतीय सैन्य गोव्यात शिरले आणि १९ तारखेला गोवा मुक्त झाला. बळाचा वापर करू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचे दुसरे कलम सांगते. १८ डिसेंबरला सुरक्षा समितीत युद्धबंदीचा ठराव आला. सात मते बाजूने व चार विरुद्ध पडली, आणि सोव्हिएट रशियाच्या नकाराधिकारामुळे तो फेटाळला गेला. वसाहत हेच मुळी चालू असलेले आक्रमण आहे, हा आपला युक्तिवाद होता. गोवा मुक्त झाला याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु सनदेचे अक्षर त्या दिवशी आपल्या बाजूस नव्हते, हे इतिहास सांगावयास उभे राहिलेल्या माणसाने म्हटले पाहिजे. सरकारे कायदा कोठे मोडतात याचाही त्यातून पत्ता लागतो. चौदा वर्षे बोलणी करूनही समोरचा दार उघडीत नाही आणि घरचे लोकमत थांबावयास तयार नाही, अशा ठिकाणी लांबचा कायदा दुबळा पडतो.

आणि दार न उघडणारा पोर्तुगाल तरी कायद्याचा केवढा भक्त होता? सनदेप्रमाणे स्वराज्य न मिळालेल्या मुलखांची माहिती संयुक्त राष्ट्रांना द्यावी लागते. सालाझारच्या सरकारने १९५१ मध्येच घटना बदलून वसाहतींचे नाव 'सागरपारचे प्रांत' असे करून टाकले होते, आणि आमच्याजवळ वसाहतच नाही तर माहिती कसली, असे उत्तर दिले. १५ डिसेंबर १९६० रोजी आमसभेने गोव्यासह सर्व वसाहतींची नावनिशीवार यादी करून ती माहिती मागितली. पोर्तुगालने दिली नाही. म्हणजे हेगला वहिवाटीच्या हक्कासाठी कायद्याचे पाय धरणारे सरकार न्यूयॉर्कला त्याच कायद्याला पाठ दाखवीत होते. हे चालले १९७४ पर्यंत. त्या वर्षी २५ एप्रिलला लिस्बनमध्ये हुकूमशाही उलथली. नव्या सरकारने वसाहतींचा स्वयंनिर्णयाचा हक्क कायद्याने मान्य केला. आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी दिल्लीत भारताशी करार करून गोवा, दमण, दीव, दादरा व नगर हवेली यांवरील भारताचे स्वामित्व मान्य केले. मधल्या तेरा वर्षांत सनदेचे एक अक्षर त्यासाठी बदलावे लागले नव्हते. बाहेरून कोणी बेलीफ गेला नव्हता. लिस्बनच्या घरातली माणसे बदलली, तेव्हा सही झाली. रंगो बापूजींना लंडनमध्ये जे हवे होते आणि मिळाले नाही ते हेच.

आमचे म्हणणे आता श्रोत्यांच्या ध्यानी आले असेल. सरकारांवरचा कायदा वरून खाली येतो असे दिसते, परंतु तो पाळावयाचा तर देशाच्या आतलेच हात लागतात: कोणाचे विधिमंडळ, कोणाचे न्यायालय, कोणाचे लोकमत. ते नसले तर मोठ्या कायदेपंडितांच्या देशातही निकाल वाऱ्यावर जातो. परदेशात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू दिले पाहिजे, असा १९६३ चा व्हिएन्ना करार आहे. अमेरिकेत पन्नासावर मेक्सिकन कैद्यांच्या बाबतीत तो मोडला गेला, म्हणून त्यांच्या शिक्षांचा फेरविचार करा, असे हेगच्या न्यायालयाने २००४ मध्ये सांगितले. राष्ट्राध्यक्षांनीही तसे फर्माविले. पण काँग्रेसने त्यासाठी कायदा केलेला नाही, तेव्हा हा निकाल आमच्या राज्यांना आपोआप लागू होत नाही, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये ठरविले, आणि त्याच वर्षी ऑगस्टात टेक्सासने त्यांपैकी होझे मेडेयीन यास देहान्त शिक्षा दिली.

हाच करार पुढे आपल्या अगदी दाराशी आला. सांगलीस जन्मलेले आणि मूळचे सातारा जिल्ह्यातील आनेवाडीचे, नौदलातील माजी अधिकारी कुलभूषण जाधव यांना मार्च २०१६ मध्ये पकडल्याचे पाकिस्तानने जाहीर केले. पाकिस्तान म्हणतो, हेरगिरी करताना बलुचिस्तानात सापडले. भारत म्हणतो, इराणातून पळवून नेले. एप्रिल २०१७ मध्ये लष्करी न्यायालयाने त्यांना फाशी सुनावली. तोवर भारतीय वकिलातीला एकदाही भेट मिळाली नव्हती. ८ मे २०१७ ला भारत हेगला गेला. हरीश साळवे यांनी एक रुपया मेहनतान्यावर काम पाहिले. ज्यांची स्मरणशक्ती तीव्र आहे त्यांना आठवेल की १९९९ मध्ये पाकिस्तानने आपले विमान पाडल्याबद्दल भारतावर तेथेच दावा लावला तेव्हा, राष्ट्रकुलातल्या देशांचे तंटे आम्ही या न्यायालयापुढे नेणार नाही, या आपल्या अटीवर बोट ठेवून आपणच अधिकारक्षेत्र नाकारले होते, आणि न्यायालयाने ते २००० साली मान्यही केले होते. आज प्रतिवादी असलेला उद्या वादी होतो. सरकारे या न्यायालयाला अगदीच मोडीत का काढीत नाहीत, याचे हे एक रोकडे कारण.

१८ मे २०१७ ला फाशी थांबविण्याचा अंतरिम हुकूम झाला आणि खटला चालेतो पाकिस्तानने तो पाळला. १७ जुलै २०१९ ला अखेरचा निकाल आला. पाकिस्तानने व्हिएन्ना करार मोडला, असे पंधरा न्यायाधीशांचे मत पडले. विरुद्ध एकटे पाकिस्तानने नेमलेले न्यायाधीश. शिक्षा रद्द करून सुटका करावी ही भारताची मागणी मात्र नाकारली गेली. खऱ्या अर्थाने फेरविचार करा, त्याची रीत तुमची तुम्ही ठरवा, असे न्यायालयाने पाकिस्तानला सांगितले. सरकारला मान खाली न घालता निकाल पाळता यावा म्हणून ठेवलेली ही फट असते. तिच्यातून अर्थही निसटून जाऊ शकतो. अमेरिकेत जे झाले नव्हते ते पाकिस्तानने केले. २०२० च्या मे महिन्यात वटहुकूम काढून आणि २०२१ च्या नोव्हेंबरात संसदेचा कायदा करून लष्करी न्यायालयाच्या शिक्षेवर उच्च न्यायालयात दाद मागण्याची वाट त्याने कागदावर खुली केली. वकिलातीची पहिली भेट २ सप्टेंबर २०१९ ला घडवून आणली. जाधव कमालीच्या दडपणाखाली होते, असे भारताने नंतर सांगितले. दुसरी भेट १६ जुलै २०२० ला ठरली. त्या दिवशी वकील नेमण्यासाठी जाधवांची लेखी संमती घेण्यास गेलेल्या भारतीय अधिकाऱ्यांना मोकळेपणी बोलू दिले गेले नाही, आणि निषेध नोंदवून ते तो कागद सहीवाचून परत घेऊन आले.